निरोगी बायकांचं रक्त

पुण्याच्या प्रयोगशाळेला आमच्या वस्तीतल्या बायकांनी फसवलं, आणि त्या प्रयोगशाळेनं माझ्या बहिणीला. बायकांना आपण कुणाला फसवतोय याचा पत्ता नव्हता. प्रयोगशाळेला पत्ता लावायची गरज वाटली नाही. या दोघांच्या मध्ये आधी आक्काचा जबडा गेला आणि मग आक्का गेली.

मी बैलांचा व्यापार करतो. बापाच्या दावणीला शेळीसुद्धा नव्हती. लोकांची जनावरं बेल्ह्याच्या बाजारात हाकत नेण्यापासून मी सुरुवात केली. आज शर्यतीचा बैल घ्यायचा असला की जुन्नर-आंबेगावातली भलीभली माणसं आधी मला फोन करतात, आणि ज्यांच्या आजोबांनी माझ्या आजोबांना ओट्याखाली उभं केलं ते मला शेठ म्हणतात. हे बढाईसाठी सांगत नाही. मला गंडवणं सोपं नाही, एवढंच सांगायचं आहे. जनावराचा जबडा उघडून दात बघितल्याशिवाय मी भावाचा शब्द काढत नाही.

ते लोक पहिल्यांदा आले ते आमच्या विहारात. आळेफाट्यापासून आमची वस्ती लांब नाही. पांढरी जीप, मागे बर्फाच्या पेट्या, एक पन्नाशीचे मऊ बोलणारे सर आणि एक चष्म्याची तरुण मुलगी, तिला सगळे मॅडम म्हणत. सर उतरल्या उतरल्या प्रत्येकाला हात जोडून ‘जय भीम’ म्हणत सुटले, कुत्र्याला तेवढं म्हणायचं राहिलं. त्यांना बायकांचं रक्त हवं होतं. तोंडाचा कॅन्सर थोड्याशा रक्तावरून ओळखायची पद्धत ते तयार करत होते. आजारी बायकांचं रक्त पुण्याच्या हॉस्पिटलात मिळत होतं. तुलनेला निरोगी बायका पाहिजे होत्या, आणि त्याही अशाच गावातल्या, अशाच खाण्यापिण्याच्या.

बायका तयार होईनात. रक्त काढून विकतात, अशी आवई उठली होती. शेवटी आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी सरांना सांगितलं, शेठला धरा, त्यांच्या शब्दावर वस्ती हलते. सर गोठ्यावर आले.

मी म्हणालो, “बायका मी देतो. पण फुकटचं मी काही देत नाही. उद्या माझ्या माणसाला असलं काही झालं, तर ही तपासणी आमची आधी करायची, आणि जे निघेल ते मला सरळ सांगायचं.”

“तसं नियमात बसत नाही,” सर म्हणाले. “अजून संशोधन चालू आहे.”

“मग बायकाही नियमात बसत नाहीत. या आता.”

ते हसले. मॅडम हसली नाही. ती म्हणाली, “सर, आपण वैयक्तिक निकाल द्यायचे नाहीत.” सरांनी तिला हातानंच थांबवलं. मी खांद्यावरचा रुमाल त्यांच्या हातावर टाकला आणि बाजारात कापडाखाली बोटं धरून सौदा कसा होतो ते दाखवलं. त्यांना फार मजा वाटली. ड्रायव्हरला फोटो काढायला लावला. पण रुमालाखाली त्यांनी माझी बोटं दाबली, आणि बोटं दाबली की सौदा झाला. तो खेळ होता असं नंतर कुणी म्हणू नये.

शिबिराच्या दिवशी सकाळी बायका विहारासमोर रांगेत उभ्या होत्या. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. मॅडम एकेकीला विचारत होती.

“तंबाखू खाता?”

“न्हाई बाई.”

“विडी, सुपारी, गुटखा?”

“आगं, आमी तसल्या न्हाई,” एक म्हातारी भडकलीच. “ती बाप्यांची लक्षणं.”

रांगेत हशा झाला. मॅडमनं मान हलवली आणि पुढचीला बोलावलं.

आमच्याकडे तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, चुरतात आणि त्या भुकटीनं दात घासतात. तिला मशेरी म्हणतात. सकाळी वस्तीतून फिरलं तर घराघरातून तो खरपूस, नाकात चढणारा वास येतो. बायकांच्या लेखी ती तंबाखू नाही. तंबाखू बाप्ये खातात, गुटखा पोरं खातात, मशेरी लावायची असते. कोलगेट घेणारी कोलगेट घेते, या तवा ठेवतात. आणि दात एकदाच घासायचे असतात असंही काही नाही. काम सरलं की चिमूट, चहा झाला की चिमूट, भूक लागली की चिमूट. त्या दिवशी उपाशी यायचं होतं म्हणून घरात दोनदा तवा चढला होता. भूक मारायला मशेरीसारखं दुसरं काही नाही. रांगेतली एक बाई सुई टोचायच्या आधी कोपऱ्यात जाऊन तोंड धुऊन आली, ते मी बघितलं.

मी विहाराच्या दारातच उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

रक्त गेलं, पेट्या गेल्या. बायकांना एकेक स्टीलचा डबा मिळाला. त्यानंतर वर्षभरानं आक्काच्या गालात आतून फोड आला.

आक्का माझी थोरली बहीण. दिली होती आंबेगावात, सातगाव पठारावर. नवरा लवकर गेला. बटाटा लावून तिनं एकटीनं मुलगी शिकवली, लग्न करून दिलं. आई आम्हाला पुरली नाही, मला आक्कानंच वाढवलं. तिच्या पुढ्यात माझा आवाज चढत नसे. जगात तेवढं एकच माणूस होतं.

फोड बरा होईना म्हणून मी तिला जुन्नरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं आरसा घालून बघितलं आणि म्हणाला, तुकडा काढून तपासायला पाठवू, थांबू नका. आक्का खुर्चीवरून उतरली आणि चपला घालायला लागली.

“चाकू लागला की पसरतं,” ती म्हणाली. “सासूचं माझ्या काय झालं? सुई लावली आन् म्हयन्यात खल्लास. मला न्हाई कापून घ्यायचं.”

तिची सासू आधीच शेवटाला आली होती आणि मग तिला दवाखान्यात नेलं होतं. पण आमच्याकडे दवाखाना आधी धरतात आणि मरण मागून. किती समजावलं. घरी आल्यावर मी मोबाईलचा उजेड धरला आणि म्हणालो, दाखव तरी. तिनं आ केला आणि वर मलाच विचारलं, “बग की नीट. किती दाती हाय मी? आदत हाय का जुळली?”

कोवळ्या बैलाला आम्ही आदत म्हणतो आणि सगळे दात आलेल्याला जुळलेला. मला हसू आलं. आत गालाला पांढरट खरवडल्यासारखा चट्टा होता आणि मध्ये लाल खड्डा. सगळं तोंड मशेरीनं काळं.

मी सरांना फोन लावला. म्हणालो, सौदा आठवतो का? त्यांना आठवत होता. दोन दिवसांनी जीप नारायणगावकडे निघाली होती, ती आमच्याकडे वळली. मॅडमनं आक्काचं रक्त घेतलं. तिनं तोंडातही बघितलं आणि हळूच म्हणाली, “आजी, तुकडा तपासाच. रक्ताचं आमचं अजून कच्चं आहे.” आक्का म्हणाली, “तू पोरगी, तुला काय कळतं? तुजं मोटं सायेब सांगत्याल.”

मोठ्या साहेबांचा फोन आला तेव्हा आम्ही ओट्यावर बसलो होतो. आक्कालाही ऐकू जावं म्हणून मी स्पीकर चालू केला. सर म्हणाले, “घाबरायचं कारण दिसत नाही. ताई निरोगी गटाच्या बाजूला आहेत. अगदी आत आहेत म्हणा ना.” आक्कानं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले आणि उठून चुलीकडे गेली. सर पुढे आणखी काही म्हणाले असतील. त्यांचं म्हणणं, म्हणाले. पण बाजारात पहिला निघालेला शब्द हाच भाव, मागून पुटपुटलेलं कुणी धरत नाही. मी तर धरतच नाही.

मग ती पठारावर परत गेली. तुकड्याचं नाव काढलं की आक्का म्हणे, “मशिन खोटं बोलतंय का? मानूस बोलंल एकवेळ.” मी दोनदा गाडी काढून तिच्या दारात गेलो, दोनदा तिनं मला जेवू घालून परत लावून दिलं. दुखायला लागलं तशी ती मशेरी जास्त लावायला लागली. लावली की बधिर पडतं. पहाटेपासून बोट तोंडातच. बटाट्याच्या काढणीत मजूर बायका तिला म्हणत, आक्का, तवा संगंच आना वावरात.

पावसाळा गेला तेव्हा तिच्या तोंडात चमचा जाईना. गाल बाहेरून लाल झाला, मग फुटला. मी तिला उचलून गाडीत घातलं आणि पुण्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं बॅटरी मारली आणि ती लगेच बंद केली. “इतके महिने काय करत होतात?” म्हणाला. मी म्हणालो, तुमच्यातल्याच एकानं निरोगी म्हणून सांगितलंय, यंत्रावर बघून. त्यानं माझ्याकडे बघितलं ते वेड्याकडे बघावं तसं. मी टेबलावर हात आपटला, मग मला बाहेर काढलं.

ऑपरेशनमध्ये डावा जबडा काढला. छातीचं मांस लावून गालाचं भोक बुजवलं. नाकात नळी. आक्का माझ्या घरी आली, मागच्या खोलीत. तोंडाला फडकं बांधून बसायची. वस्तीतल्या बायका भेटायला यायच्या, बघायच्या, बाहेर ओट्यावर येऊन पदरानं डोळे पुसायच्या, आणि मग कमरेची डबी काढून चिमूट लावायच्या.

अशाच एका दुपारी जीप परत आली. मॅडम एकटीच होती, बारीक झालेली. तिला बहुतेक आक्काचं काही माहीत नव्हतं. ती ओट्यावर बायकांच्यात मांडी घालून बसली आणि म्हणाली, “मावशी, मागच्या वेळेला माझं एक विचारायचं राहिलं. सकाळी दात कशानं घासता?”

“मशेरीनं, आनखी कशानं?”

“सगळ्या?”

“सगळ्या की गं. तू न्हाई लावत? मंग तुजं दात पांढरं कसं?” एकीनं तिच्यापुढे डबी धरली. “लाव, लाव. डोस्कं उतरतंय.”

बायका हसल्या. मॅडमनं डबी हातात घेतली, वास घेतला आणि तिचा चेहरा पडला. मी खांबाला टेकून बघत होतो. सौदा बुडालेल्या माणसाचा चेहरा मला ओळखू येतो. डबी परत देऊन ती जीपकडे निघाली तेव्हा मी आडवा गेलो. म्हणालो, काय ते सांगितल्याशिवाय गाडी हलणार नाही.

तिनं सांगितलं. उभ्या उभ्याच, खाली मान घालून. तिचं सांगणं मी दोन-तीनदा वदवून घेतलं, म्हणून पक्कं लक्षात आहे. शरीर अन्न वापरतं, पेशी वाढतात, मरतात, त्या सगळ्यातून शेकडो बारीक रेणू रक्तात उतरतात. कॅन्सर धरला की त्यांचं कमीजास्त होतं. एखाद्या रेणूवरून काही ठरत नाही, सगळ्यांचा मिळून एक ठसा उमटतो. यंत्र ते रेणू मोजतं आणि आलेखावर प्रत्येकाचं एक शिखर काढतं. त्यातल्या पुष्कळ शिखरांना नाव नसतं. कशाचं आहे ते शोधायला वेळ जातो, म्हणून नाव न लावताच ती कॉम्प्युटरला देतात. कॉम्प्युटरला दोन ढीग दिले, हे आजारी आणि हे निरोगी, की तो दोन्हींत काय वेगळं आहे ते हुडकतो. आक्काचं काळं तोंड बघितल्यापासून तिला ते खटकत होतं, मग निनावी शिखरांतली बरीच तंबाखूची निघाली, म्हणून ती विचारायला आली होती.

“पण ते वेगळेपण कशामुळे आहे, हे त्याला कळत नाही,” ती म्हणाली. “हॉस्पिटलमधल्या बायकांची मशेरी डॉक्टरांनी आधीच बंद केली होती. इथल्या बायका रक्त देईपर्यंत लावत होत्या. त्यामुळे तंबाखूच्या आणि धुराच्या खुणा आमच्या निरोगी ढिगातच सापडल्या. कॉम्प्युटर तेच शिकला. ज्या बाईच्या रक्तात त्या खुणा जास्त, ती निरोगी.”

“आणि आक्का?”

“त्यांचा आकडा आमच्या सगळ्या निरोगी बायकांपेक्षा चांगला आला होता.” मग ती म्हणाली, “कशा आहेत त्या?”

मागं ओट्यावरचा आवाज थांबला. आक्का दारात येऊन उभी होती. तिनं किती ऐकलं देव जाणे. फडकं सुटलं होतं आणि अर्धा चेहरा उघडा पडला होता. मॅडम जागच्या जागी खिळली. आक्कानं तिच्याकडे बघितलंच नाही. जिच्या हातात डबी होती त्या बाईपुढे तिनं हात पसरला. बोट वाकवून, दे म्हणून.

त्या बाईनं माझ्या बायकोकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे. मी डबी हिसकावली आणि गटारात फेकली. तेव्हा आक्का माझ्यावर ओरडली. जीभ धड वळत नव्हती, शब्द नव्हता, नुसता आवाज होता. तो कसा होता ते लिहिणार नाही.

मग मी घरात शिरून तवा उचलला आणि अंगणात आपटला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बायकोला म्हणालो, “खोटारड्या आहात सगळ्या. तंबाखू न्हाई म्हणून तोंड वर करून सांगत होता. ही काय तुळस आहे का?”

बायको शांतपणे म्हणाली, “त्या दिशी तुमी दारातच व्हता की. आन् तवा तुमीच आनला जुन्नरवरनं. मोटा आन म्हनलं, मोटा आनला.”

याचं उत्तर ज्यानं द्यायचं तो माणूस दुसरा होता, पुण्यात बसलेला.

आक्का उन्हाळा संपता संपता गेली. शेवटी नळीतून पाणीही उतरत नव्हतं. तिची मुलगी उशाशी होती. मुलगीही मशेरी लावते. आईची माती झाल्यावर संध्याकाळी ती मोरीपाशी बसून दात घासत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम.

मी पुण्याला गेलो. सरांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. एका शब्दानंही चिडले नाहीत, हीच त्यांची हुशारी. म्हणाले, “मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, तरीसुद्धा तुकडा तपासून घ्या. संशोधनातला आकडा म्हणजे निदान नव्हे.”

“आधी काय म्हणालात? निरोगी गटाच्या अगदी आत.”

“ते धीर देण्यासाठी.”

“बैल विकताना मीपण धीर देतो. पण बैल लंगडा निघाला तर तो माझा असतो.”

“शेठ, आकडा तुम्हीच मागितला होता. अट तुमचीच होती. आमची मॅडम नको म्हणत होती.”

“मागणारा मागणारच. मी तर तुमची जीपपण मागितली असती, दिली असती का?”

ते पुढे झुकून, जवळच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, “तुम्हाला खरं सांगू? तुमच्या बहिणीमुळे आमची चूक सापडली. त्यांचं प्रत्यक्षात काय झालं ते कळल्यावर आम्ही सगळं परत तपासायला घेतलं. आता मशेरी विचारतो, ती शिखरं ओळखून बाजूला काढतो. पद्धत आता खूप पक्की झाली आहे. मी जिथं बोलायला जातो तिथं हे उदाहरण देतो. नाव घेत नाही, अर्थात.”

“लोक काय म्हणतात?”

“फार प्रभावित होतात.”

मी चहा तसाच ठेवून उठलो. मारलं नाही त्यांना. तेवढं झालं असतं तर त्यांचं काम सोपं झालं असतं. दारू पिऊन आलेला गावठी माणूस, असं सांगून मोकळे झाले असते. बाहेर बाकावर मॅडम बसली होती. ती म्हणाली, “काका, मी सोडतेय हे काम.” मी तिला म्हणालो, सोडू नकोस, तू गेलीस तर विचारणारं कोण राहील? एवढंच त्या इमारतीत मी कुणाशी बरं बोललो.

माझी बायको म्हणते, सोडा आता. आक्का पन काय कमी हट्टी न्हवती. खरं आहे, हट्टी होती. पण हट्टी माणूससुद्धा घाबरतं, आणि ती घाबरली होती तेव्हा तिला खोटा धीर मिळाला. तो मिळाला नसता तर कदाचित मी तिला ओढत नेलं असतं. कदाचित तिनं मला हाकललं असतं. हे मला कधी कळणार नाही, आणि ते ज्याच्यामुळे कळणार नाही तो माणूस गावोगाव माझी बहीण उदाहरण म्हणून दाखवत फिरतो.

तर सर, तुम्हाला मी असं सांगतो. पुण्याच्या हॉलमध्ये जे सांगता ते आमच्या विहारात येऊन सांगा. आक्काची मुलगी समोर बसेल, रक्त दिलेल्या सगळ्या बायका बसतील, तोंडात मशेरीची बोटं घालून बसतील, त्यांना मी उठवणार नाही. पद्धत किती पक्की झाली ते मागून सांगा. आधी त्या मुलीला सांगा की तिच्या आईला निरोगी कुणी म्हटलं, कशाच्या जोरावर म्हटलं, आणि तुमच्याच मॅडमला कच्चं दिसत होतं ते तुम्हाला का दिसलं नाही. आक्काचं नावही घ्या. तिला नाव होतं. कधी येताय?